लोकरीची गाय, कागदावरचा मालक

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या सत्राचा विषय पत्रिकेत ‘स्त्रिया आणि पशुधन’ असा छापला आहे. माझ्या आधीच्या दोघींनी कर्ज, चाऱ्याचे भाव आणि दुधाचे दर यांची नीट मांडणी केली. ती पुन्हा करत नाही. मी सोबत एक पिशवी आणली आहे, तिच्यातल्या वस्तूंबद्दल बोलणार आहे. ही तांबडी गाय. या दोन शेळ्या. हा नुसताच गोंडा. आणि मफलरसारखी दिसणारी ही अरुंद पट्टी. सगळं लोकरीचं, सगळं आमच्या गटातल्या बायकांनी विणलेलं. मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर चहाच्या सुट्टीत पुढे या, हातात घेऊन बघा. फक्त किंमत विचारू नका. का, ते ओघात येईल.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण संपवून मी साताऱ्याच्या माण तालुक्यात कामाला लागले, त्याला आता दहा वर्षं होत आली. माण, खटाव, शेजारचे आटपाडी आणि सांगोला, हा सगळा कमी पावसाचा मुलूख. पाऊस कमी, म्हणून जनावरावर भिस्त जास्त. खिलार बैल, मेंढरं, शेळ्या, आणि गेल्या काही दशकांत आलेल्या जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाई. घरातला दाणा शेतातून येतो, पण रोकड येते ती गोठ्यातून. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, त्याला आमच्याकडे ‘पगार’ म्हणतात. पण पगारदार कोण, असं विचारलं की सगळे गप्प. पहाटे शेण काढायचं, वैरण कापून आणायची, कुट्टी करायची, पाणी दाखवायचं, धार काढायची, गाय विणार असेल तर रात्रभर कंदील किंवा मोबाइलची बॅटरी घेऊन गोठ्यात बसायचं, वार पडली का बघायचं. यातलं बहुतेक बाई करते. पावतीपुस्तकावर नाव नवऱ्याचं, सासऱ्याचं, एका घरी तर वारलेल्या सासऱ्याचं.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. देवीच्या जातीचा हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. गाई-बैलांना जास्त, म्हशींना कमी; माणसाला होत नाही. ताप चढतो, अंगभर गाठी येतात, पाय सुजतात, जनावर वैरण सोडतं, दूध आटतं. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायला सुरुवात झाली, जनावरांचे बाजार बंद झाले. दूध प्यायल्याने माणसाला रोग होतो अशी खोटी अफवाही उठली आणि ज्यांच्या गाई धडधाकट होत्या त्यांचीही झोप उडाली. त्या महिन्यांत मी गोठ्यागोठ्यांतून फिरत होते. बायका कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने गाईचं अंग पुसत, जखमेला हळद-तेल लावत, माश्या बसू नयेत म्हणून धूर करत. उभं राहता येत नसलेल्या गाईला कूस बदलून द्यायला चार-चार जणी लागत.

जनावर मेलं की मात्र सगळं त्यांच्या हातून काढून घेतलं जाई. ट्रॅक्टर येई. जेसीबीने खड्डा काढून चुना-मीठ टाकून पुरत. तिथे बाईने जायचं नाही, स्मशानात जायचं नाही तसंच. गोठ्याच्या दारात उभं राहून ट्रॅक्टर वळेपर्यंत बघायचं, आणि मग आत जाऊन गोठा धुवायचा. तो धुवायला मात्र तीच.

पुढे सरकारी मदत जाहीर झाली. दुधाळ जनावराला ३०,००० रुपये, ओढकामाच्या जनावराला २५,०००, वासराला १६,०००. पंचनामा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. ज्याच्या नावाने जनावर, त्याच्या खात्यात रक्कम. काही घरांत त्या पैशात थोडी भर घालून दुसरी गाय आली. काही घरांत पैसे आले कधी आणि गेले कुठे, हे बाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

याच दिवसांत एका बचत गटाची मासिक बैठक होती. हप्त्यांचा हिशेब चालला होता. एका वहिनींचा नंबर आला तशी त्या म्हणाल्या, “हप्ता कुठनं देऊ? चंद्री गेली.” आणि रडायला लागल्या. थोडा वेळ सगळ्या गप्प. मग शेजारची एक म्हणाली, “जनावर हुतं की गं. माणूस गेल्यागत काय रडतीस?” तिचं बोलणं दुष्टपणाचं नव्हतं. तिची स्वतःची कालवड आठवड्यापूर्वी गेली होती, आणि तिला घरातून हेच ऐकवण्यात आलं होतं. नवरा गेला तर वर्षभर रडायची मुभा असते, नव्हे सक्ती असते. मूल गेलं तर काही महिने. गाय गेली तर दुपारपर्यंत, कारण संध्याकाळी दुसरीची धार काढायची असते.

त्या बैठकीत एक वयस्क मावशी नातीच्या रुखवतासाठी लोकरीचं तोरण विणत बसल्या होत्या. त्या नेहमीच काहीतरी विणत बसतात, हिशेबाकडे त्यांचं लक्ष नसतं. त्यांनी सुई न थांबवता विचारलं, “कसली हुती गं चंद्री? रंग सांग.” वहिनी म्हणाल्या, तांबडी. मावशी म्हणाल्या, “तांबडी म्हंजे कसली? विटंगत का चिंचंगत?” आणि मग पाऊण तास रंगावर चर्चा झाली. कपाळावरचा पांढरा टिक्का केवढा, उजवं शिंग खाली वळलेलं की डावं, शेपटीचा गोंडा काळा की तांबडा. जिला “माणूस गेल्यागत काय रडतीस” म्हणाली होती तीच बाई सांगत होती, की पाठीवर वशिंडाच्या मागं एक भोवरा होता, तो विसरू नको. हप्त्याचा हिशेब त्या दिवशी राहिला. मी तो तसाच राहू दिला.

पुढच्या बैठकीला मावशी तोरणाऐवजी गाय घेऊन आल्या. हीच ती. जाणकार मैत्रिणींसाठी कृती सांगते, कारण आमच्याकडे आता ती पाठ झाली आहे. साखळीची कडी करायची, तिच्यात सहा मुके खांब. पुढच्या फेरीला प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. मग एक सोडून एक वाढवत अठरा. असं पोट हवं तेवढं वाढवायचं, मग तसंच घटवत आणायचं, तोंड बंद व्हायच्या आधी आत जुन्या सुती लुगड्याचे तुकडे भरायचे. कापूस भरला तर धुतल्यावर गोळा होतो. पाय वेगळे विणून जोडायचे. पाय उभे राहत नाहीत. आमची एकही गाय आजवर स्वतःच्या पायावर उभी राहिलेली नाही, सगळ्या भिंतीला टेकून असतात.

पाय जोडून झाल्यावर मावशींनी कास विणून तिला चार सड लावले होते. वहिनींनी गाय हातात घेतली, उलटी केली आणि त्यातला एक सड उसवून काढला. म्हणाल्या, “पयल्याच येताला कास सुजली आन् एक सड गेला. तवापासनं तिनावरच धार काढली म्या. चार लावलं तर ती माझी चंद्री न्हवं.”

चंद्रीच्या कानात पिवळा बिल्ला होता. त्यावर बारा आकडे, ते सरकारी यंत्रणेत नोंदलेले. मालकाचं नाव, जात, वय. तीन सडांची नोंद कुठेही नव्हती. ती या बाईच्या बोटांत होती. आपण ‘स्त्रियांचे अदृश्य श्रम’ म्हणतो, शिबिरांत फळ्यावर लिहितो, वर्तुळ काढून चोवीस तास भरून घेतो. मी स्वतः असं वर्तुळ कितीतरी वेळा काढून घेतलं आहे आणि ते उपयोगी आहे. पण त्या वर्तुळात “जनावरांचं काम – तीन तास” एवढंच येतं. तीन सडांवर सहा वेतं धार काढण्यात जे कसब आहे, जी ओळख आहे, ती तिथे येत नाही.

त्या हिवाळ्यात गटाच्या बैठकीनंतर दोन तास विणायला बसायचं असं ठरून गेलं. ठरवलं कुणी नाही. शाळेत हस्तकलेच्या तासाला शिकलेल्या काही जणी होत्या, बाकीच्या त्यांच्याकडून शिकल्या. सगळ्यांना गाय जमली नाही. एकीला गोल विणणंच जमेना, तिने हा गोंडा केला. तिच्या बैलाच्या कपाळाला बेंदराला बांधायचा गोंडा होता तसा. बैल २०१८-१९ च्या दुष्काळात गेला, पण दर बेंदराला तिचा हात गोंड्याकडे जातो.

आणि ही पट्टी. ही ज्यांची आहे त्या काकूंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांची गाय आठ वेळा व्याली. आठ वेतांचे आठ पट्टे आहेत बघा. कालवड झाली तिथे पांढरा, गोऱ्हा झाला तिथे काळा. पाचव्या वेताला वासरू मेलेलं जन्मलं, तिथे त्यांनी टाकेच सोडले आहेत, जाळी दिसते ती चूक नाही. प्रत्येक पट्ट्यावर बोट ठेवून काकू सांगतात: या दुधावर थोरलीचं लग्न झालं, या दुधावर धाकट्याची दहावी, हा पट्टा सगळा दवाखान्यात गेला. मी समाजकार्याच्या अभ्यासक्रमात कुटुंबाचा आर्थिक इतिहास कसा घ्यायचा हे शिकले आहे. प्रश्नावली असते त्याला, सहा पानांची. काकूंची पट्टी हातभर लांब आहे.

लोकरीबद्दल थोडं बोलायला हवं. आम्ही राहतो मेंढरांच्या मुलखात आणि तालुक्याच्या दुकानातून आणतो ती ‘लोकर’ असते ॲक्रिलिकची. तिचा मेंढीशी काही संबंध नाही. इकडची मेंढी दख्खनी. तिची लोकर काळी, जाडीभरडी. वर्षातून दोनदा कात्रीने कातरतात, बायका सूत काततात, सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणतात, त्याला चिंचोक्याची खळ देतात. घोंगड्याचं गिऱ्हाईक कमी झालं तसा लोकरीला भाव राहिला नाही. कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही म्हणून लोकर वाड्याच्या कडेला टाकून दिलेली मी पाहिली आहे. आमच्या गटात दोन धनगर मैत्रिणी आहेत. त्यातली एक एके दिवशी हाताने कातलेलं काळं सूत घेऊन आली आणि म्हणाली, दुकानातल्या दोऱ्याची मेंढी मी करणार नाही. तिने विणलेली मेंढी आज आणलेली नाही, ती तिने दिली नाही. क्रोशाच्या सुईला ते सूत अडकतं, बोटं खरचटतात. पण त्या मेंढीला वास येतो. पाऊस पडला की जास्त येतो, असं ती सांगते.

आता जे सांगणार आहे ते जरा अवघड आहे. जनावरावरचं प्रेम म्हटलं की सगळं गोड वाटायला लागतं, आणि आमच्या गटात सगळ्या एकाच आळीच्या नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला बौद्ध वस्तीतली एक मैत्रीण सुई खाली ठेवून म्हणाली, “तुमच्याकडं मेलेल्या जनावराची आठवण गोड. आमच्याकडं ती सासऱ्याच्या पाठीवर हाय.” तिच्या सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत गावची मेलेली ढोरं ओढण्याचं काम त्यांच्या माथी होतं. १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस न खाण्याचा ठराव झाला, पुढे ठिकठिकाणी हे काम टाकून देण्यात आलं, त्यासाठी बहिष्कार सोसले गेले. आणि २०२२ मध्ये, जेसीबी मिळेना तेव्हा, गावातला एक जण तिच्या नवऱ्याला विचारायला आला होताच. हातमोजे नाहीत, काही नाही. नवऱ्याने नकार दिला.

बैठकीत ती हे बोलली तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. तिने गाय विणली नाही. या दोनपैकी पांढऱ्या कानांची शेळी तिची आहे. गटाच्या कर्जातून घेतलेली, तिच्या स्वतःच्या नावावर आलेली पहिली वस्तू. पुढे मुलीच्या बाळंतपणात ती विकावी लागली. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. मला वाटतं तिला बाईची बँक म्हणणं जास्त बरोबर आहे, कारण अडीनडीला घरातल्या कुणाला न विचारता बाईला जे विकता येतं ते बहुधा शेळी-करडूच असतं. आणि म्हणूनच शेळ्यांची दुःखं जास्त गुंत्याची. गाय रोगाने जाते, शेळी आपण आपल्या हाताने सोडून देतो. दुसरी शेळी, ही करडी, आमच्यातल्या एका मुसलमान मैत्रिणीची. तो खरं तर बोकड. ईदसाठी पाळलेला, वर्षभर तिच्या हातून पाला खाल्लेला. ईदच्या दिवशी दरवर्षी तिच्या डोळ्याला पाणी येतं, आणि दरवर्षी ती मटणही वाढते. यात विसंगती काय आहे, असं तिने मलाच विचारलं.

विकलेल्या जनावरांचं दुःख सगळ्यांत जड असतं, हे मला या बैठकांतून समजलं. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या होत्या. बायका छावणीतच चूल मांडून राहिल्या. छावणी नव्हती त्यांनी गाई विकल्या, मिळेल त्या भावाला. आमच्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत, ते आपल्याकडे ठेवून घेतात. कितीतरी घरांत खुंटीला अशी दावी आहेत. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईंबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे सगळे गाईचं नाव घेतात. म्हाताऱ्या बैलापुढे दोन वेळा वैरण कोण टाकतं, ती वैरण डोक्यावरून कोण आणतं, हे विचारत नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं. दुसऱ्या दिवशी गटात त्यावर बोलणं निघालं. एक जर्सीवाल्या काकू म्हणाल्या, “म्हंजे माझी न्हाई का त्यात? धा लिटर दूध देती, तरी न्हाईच?” सगळ्या हसल्या. मग दुसरी म्हणाली, गाईला पदवी मिळाली, आपलं नाव अजून दूध संस्थेच्या वहीत यायचंय.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात असलेल्या प्रश्नाकडे येते. तो मला चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींनी स्पष्ट विचारला आहे. शिवण, विणकाम, पापड-लोणची यांतून बायकांना बाहेर काढायला आपण किती वर्षं घालवली, आणि तू त्यांना परत सुई देतेस? जमिनीवरचा हक्क, मजुरी, हिंसा हे सगळं सोडून लोकरीच्या गाई? आक्षेप खोटा नाही. ‘महिला कल्याण’ म्हणजे एक शिलाई मशीन आणि एक प्रमाणपत्र, ही समजूत आजही कार्यालयांत टिकून आहे आणि तिच्याशी मी दर महिन्याला भांडते. मात्र सुई कुणी कशासाठी हातात घेतली, हे बघितल्याशिवाय निवाडा करू नये असं माझं मत आहे. चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं नाहीशी केली गेली त्या बायकांनी गोणपाटावर कापडाचे तुकडे जोडून चित्रं केली. घर, डोंगर, आणि रिकामी खुर्ची. ती चित्रं देशाबाहेर गेली आणि त्यांनी साक्ष दिली. आमच्या गाई-शेळ्यांची तुलना मी त्या यातनांशी करत नाही. एवढंच म्हणते, की जिथे कागद दुसऱ्याच्या ताब्यात असतो तिथे बाईला आपलं म्हणणं नोंदवायला दुसरं काही लागतं, आणि जे हाताशी असतं ते ती घेते.

आता किंमतीचं. एका प्रदर्शनवाल्या ताईंनी या वस्तू बघितल्या आणि म्हणाल्या, शहरात याला चांगली मागणी आहे, शंभर नग करून द्या. गटात दोन बैठका यावरच गेल्या. पैशाची गरज सगळ्यांना आहे, त्यात लाजायचं काही नाही. शेवटी धनगर मैत्रीण म्हणाली तसं ठरलं: “इकायची मेंढी येगळी, आठवणीची येगळी.” विकायच्या गाईंना चार सड, दोन सरळ शिंगं, नाव नाही. त्या आता होतात आणि विकल्याही जातात. नाव असलेल्या विकायच्या नाहीत. या पिशवीतल्या सगळ्यांना नावं आहेत.

पुरुषांचंही सांगते, नाहीतर चित्र एकांगी होईल. एक आजोबा दोन-तीनदा बैठकीच्या बाहेर घुटमळले. त्यांचा सर्जा लम्पीत गेला होता. त्यांना सर्जा विणून हवा होता. मावशी लगेच तयार झाल्या. तरुण मुली मात्र अडल्या: तुम्हीच शिका, आम्ही शिकवतो. त्यावर बरीच गरमागरमी झाली. आजोबांनी सुई घेतली, साखळी शिकले, त्यापुढे बोटं वळेनात. वीतभर साखळी झाली ती त्यांनी तशीच मोरकीसारखी बांधून घोंगड्याच्या घडीत ठेवली. विणून द्यायला हवं होतं का, यावर गटात अजून एकमत नाही.

आणि कागद. सुरुवातीला मी या विणकामाचा आणि कागदपत्रांचा संबंध लावला नव्हता, तो बायकांनी लावला. तीन सडवाल्या वहिनींनी नवी गाय घेतली तेव्हा डॉक्टर बिल्ला मारायला आले. त्यांनी मालकाचं नाव विचारलं, नवरा सांगणार तेवढ्यात वहिनींनी स्वतःचं सांगितलं. नवरा बघत राहिला, पण काही बोलला नाही. त्यांचं ऐकून आणखी काही जणी तयार झाल्या. बिल्ल्यावर नाव लावणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. दूध संस्थेचं खातं बदलणं अवघड, कारण सभासदत्व, भाग-भांडवल, मतदान सगळं त्याला जोडलेलं, आणि गावातलं राजकारणही. विमा उतरवताना अर्ज बाईच्या नावे भरला तर पुढची भरपाई तिच्या खात्यात येते, हे आम्ही आता प्रत्येक बैठकीत सांगतो. एका घरी मात्र यावरून भांडण झालं. “गाईवर हक्क सांगायला लागलीस?” असं म्हणून नवऱ्याने खुंटीवरची लोकरीची गाय चुलीत घातली. ॲक्रिलिकची होती, लगेच वितळली. ती मैत्रीण त्यानंतर दोन महिने बैठकीला आली नाही. आता येते. मावशींनी दुसरी विणून देते म्हटलं, तर नको म्हणाली. तिच्या खात्याचं काम अजून झालेलं नाही, तिला सध्या ते रेटायचंही नाही, आणि तिचा वेग काय असावा हे ठरवणारी मी नव्हे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात साडेत्रेपन्न कोटींहून जास्त जनावरं मोजली गेली. त्यांना हाताळणाऱ्या हातांचा प्रश्न त्यात नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत, जनावरांची देखभाल मुख्यतः बाई करते की पुरुष, हे विचारण्याची तरतूद पहिल्यांदा झाली. आमच्या भागात गणक आला तेव्हा बायका बहुतेक रानात होत्या आणि उत्तरं ओट्यावर बसलेल्यांनी दिली. तुमच्या गावात कुणी उत्तर दिलं, ते परत गेल्यावर जरूर विचारा. पुढच्या मेळाव्यात आपल्याला ते एकत्र मांडता येईल.

दुपारी जेवणानंतर मागच्या खोलीत आम्ही तिघी बसणार आहोत. एका टेबलावर बिल्ला, दूध संस्था आणि विमा यांच्या अर्जांचे नमुने आहेत, प्रत्येकीने एकेक घ्या. दुसऱ्या टेबलावर सुया आहेत, वीसच आहेत, आळीपाळीने वापराव्या लागतील. तांबडी आणि पांढरी लोकर भरपूर आहे, काळी संपत आली आहे. मेंढीच्या लोकरीचे दोन गुंडे आहेत, ते ज्यांना हवेत त्यांनी घ्या. हाताला टोचते, हे आधी सांगून ठेवते.